तल्लीन श्रोता

भाची प्रियदर्शनी हौसेनं घेऊन आली, म्हणून बद्रीनाथ कोथरूडच्या त्या तळघरात बसले होते. समोर एक केस वाढवलेला कलाकार माइकसमोर पत्र्यावर ग्राइंडर घासत होता आणि चाळीसेक शिकलीसवरलेली माणसं माना डोलवत होती. कारखान्यात असा धडधाकट पत्रा कुणी वाया घालवला असता, तर सुपरवायझरनं त्याचा बाप काढला असता. बद्रीनाथांनी कानातलं मशीन काढून सरळ खिशात टाकलं आणि डोळे मिटले.

कार्यक्रम संपल्यावर कलाकार हात जोडून पुढे आला. बद्रीनाथांनी मशीन कानात घातलं.

"हं, आता बोला."

"काका, तुम्ही अगदी तल्लीन झाला होतात! असं म्युझिक आधी ऐकलंय?"

"पस्तीस वर्षं, रोज आठ तास. त्यातच हे कान गेले."