सृष्टी दारातच उभी होती

"कोंबडीचं पिल्लू? पप्पा, वाढदिवसाला? लोकांचे पप्पा सायकल आणतात!"

"अगं, तुझ्यासाठीच उबवलं मी."

"मग परत अंड्यात घाला!"

मित्रांनो, ते पिल्लू म्हणजे मी. आता मी एक जुना कोंबडा आहे, चार वर्षांचा. तुरा एका बाजूला कलंडलाय, एक नख तुटलंय. डोळे मात्र शाबूत आहेत, आणि तुमच्यासारखे मी ते ऊठसूट मिटत नाही.

भांडणारी ती या घरची एकुलती एक लेक. मी तिला राणीसरकार म्हणतो. तेव्हा नऊ वर्षांची होती, आता तेरा. अक्कल तेवढीच. बाप रंगारी, लोकांच्या भिंती रंगवतो. कानामागं कायम कुठला तरी रंग वाळलेला.

मी कसा झालो ते ऐका. बुटांचं खोकं, एक बल्ब, वाटीभर पाणी आणि पाच अंडी. प्रत्येक अंड्याला पेन्सिलीनं एकीकडे फुली, दुसरीकडे गोल, म्हणजे कुठलं फिरवायचं राहिलं ते कळावं. बाप कामावर जाताना फिरवायचा, जेवणाच्या सुट्टीत धापा टाकत घरी येऊन फिरवायचा, संध्याकाळी हातपाय धुवायच्या आधी फिरवायचा. एकवीस दिवसांनी चार अंडी वाया गेली, आणि मी आलो.

मध्येच एकदा त्यानं लेकीला चादरीखाली बोलावलं आणि अंड्यामागं टॉर्च धरला. आत लाल रेषांचं जाळं, जाळ्यात धडधडणारा ठिपका. तो मीच. बाप हळूच म्हणाला, "बघ, देव काम करतोय." राणीसरकार म्हणाल्या, "शी! गुदमरतंय मला," आणि पळाल्या.

तेव्हापासून रोज पहाटे मी आरवतो, बाप उठतो, आई उठते आणि माझ्या अंगावर उशी येते. कौतुक शून्य. जेवायला बसले की तिघं डोळे मिटतात. सगळ्यात मोठा आवाज राणीसरकारांचा, "प्रभू, तुझ्या सुंदर सृष्टीसाठी आभार!" सृष्टी, म्हणजे अस्मादिक, तिथंच दारात एका पायावर उभी असते. आमेन झालं की तिला चप्पल फेकून मारतात.

गेल्या रविवारी संडे स्कूलमध्ये 'देवाची करणी' होती. देवानं बनवलेलं काहीतरी आणायचं आणि त्याच्याबद्दल बोलायचं. राणीसरकारांनी चित्र काढलं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. या बाईनं जन्मात डोंगर पाहिलेला नाही! मी खिडकीत उभा राहून शेपटी फुलवली. हिरवी, निळी, तांबडी, असा रंग बापाच्या एका डब्यात नाही. तर म्हणते, "हो बाजूला, उजेड अडतोय."

ती गेली. थोड्या वेळानं बाप लेकीचं बोलणं ऐकायला जायचं म्हणून अर्धं काम टाकून घरी आला. बघतो तर मी अंगणात. त्याला मनापासून वाटलं, पोरगी मला न्यायची विसरली! काय भोळा माणूस. कपडे बदलले नाहीत, मला काखेत मारलं आणि धावत चर्चचा हॉल गाठला.

आत भिंतीवर चौदा चित्रं. चौदाही ठिकाणी दोन डोंगर, मधून सूर्य. आम्ही दारात थांबलो.

राणीसरकारांच्या मैत्रिणीनं कोपर मारलं. "ए, ते तुझे पप्पा ना?"

"हॅट! माझे कसले?"

टीचरनं विचारलं, "कोण गं ते? तुमच्याकडचे का?"

"नाही टीचर. आमच्याकडं रंग द्यायला येतात."

बापानं ऐकलं. मला माहितीये, कारण त्याची काख एकदम घट्ट झाली आणि माझा श्वास अडकला.

टीचर पुढं आल्या. "काय भाऊ, कुणाला शोधताय?"

"कुणाला नाही बाई. हॉल चुकला."

चर्चमध्ये सांगतात, एका मोठ्या शिष्यानं आपल्या गुरूला 'मी ओळखत नाही' म्हटलं, तेव्हा आमच्यातला एक आरवला आणि तो शिष्य ढसाढसा रडला. मग मीही आरवलो, घसा फाटेपर्यंत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टीचर म्हणाल्या, "किती गोड! चला मुलांनो, आता देवाच्या करणीकडं वळू." आणि पाठ फिरवून कागदाकडं वळल्या. थू!

घरी आईनं विचारलं, "काय, पोरगी कशी बोलली?"

"एक नंबर बोलली," बाप म्हणाला. एक शब्द ऐकला नव्हता त्यानं.

ताटं वाढली. त्या दिवशी राणीसरकारांच्या तोंडून प्रार्थना फुटेना, म्हणून बापानंच डोळे मिटले. "प्रभू, माझ्या लेकीसाठी आभार. तुझी करणी आहे ती. मी नुसता सांभाळतोय."

ती ताटावरून उठली आणि माझ्या खुराड्यापाशी येऊन रडत बसली. मी गुडघ्याला टोचलं. इथं कशाला रडतेस? मी दुखावलोय का?

मित्रांनो, आभार मानायला डोळे मिटता ना? खुशाल मिटा. पण मिटायच्या आधी एकदा समोर नीट बघत जा. कोण वाढतंय, कोण उभं आहे, कुणाच्या अंगावर काय वाळलंय. देवाला डोंगरच जमतात असं वाटतं का तुम्हाला? मूर्ख लेकाचे.

आज परत रविवार. आत्ता, या मिनिटाला, ती बापासमोर उभी आहे.

"पप्पा, चला. टीचरला सांगायचंय, मी खोटं बोलले."

"जाऊ दे गं. मीच म्हणालो ना, हॉल चुकला."

"मग तुम्ही पण खोटं बोललात. दोघांनी सांगू."

बाप चांगला शर्ट शोधायला वळला, तर तिनं रंगाचे डाग पडलेलाच त्याच्या हातात कोंबला. आता माझ्याकडं येतेय. ए, पंख सोड! शेपटी! काखेत मारलं हिनं मला. बास मित्रांनो, मला जायचंय आता.