आठव्या पायाची पुडी

त्या दुकानातून कोळ्याचा केक आठ पायांनिशी बाहेर पडत नसे. सात पाय केकवर आणि आठवा बटरपेपरच्या पुडीत. ज्याचा वाढदिवस त्याच्या हातात पुडी द्यायची, त्याने आपल्या हाताने तो पाय कोळ्याला चिकटवायचा आणि मगच सुरी लावायची. गिऱ्हाइकांना वाटे, काय डोकं चालवलंय! खरं तर डोकंबिकं कुणी चालवलं नव्हतं. सुरुवातीला रस्त्यातल्या खड्ड्यांपायी दर केकमागे एक पाय मोडायचाच, म्हणून थोरली एक पाय जादा द्यायची. एकदा घाईत तिने केकवर सातच लावले. जादाचा पाय वाढदिवसाच्या मुलाने लावला आणि पोरगं असं काही खूश झालं की तीच दुकानाची रीत होऊन बसली. स्वतःची चूक रीत म्हणून खपवण्यात थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दुकान दोघी बहिणींचं. थोरली पाय करायची आणि धाकटी जाळं काढायची. थोरलीचा नवरा, म्हणजे धाकटीचे भाऊजी, भट्टी सांभाळायचे, केक पोचवायचे आणि न विसरता पुडी द्यायचे. वीस वर्षांत ही वाटणी एकदाही बदलली नाही. धाकटी चोपन्न वर्षांची झाली तरी दुकानात तिला 'छोटी' म्हणत, आणि तिला कधी कुणी पायांना हात लावू दिला नव्हता.

जाळ्याचं काम अर्ध्या मिनिटाचं. पांढऱ्या आयसिंगवर वितळलेल्या चॉकलेटची एकात एक गोल कडी काढायची आणि ती सुकायच्या आत टूथपिकने मधून कडेपर्यंत रेघा ओढायच्या. हात थांबला की संपलं. पायांचं तसं नव्हतं. ते निवांत बसून करायचं काम, आणि थोरलीला निवांत बसून बोलायला फार आवडे. काळ्या साखरेच्या कणकेची बारीक वळी करायची, गुडघ्यात वाकवायची, अंगठ्याच्या नखाने दाबायची आणि दोन दिवस लाटण्यावर वाळत घालायची. ओव्हनच्या दारात सापडून थोरलीच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलं होतं, ते पुढे तसंच वाढलं. त्यामुळे तिच्या प्रत्येक कोळ्याच्या प्रत्येक गुडघ्यावर दुहेरी रेघ उमटायची. ही गोष्ट तीन माणसांनाच ठाऊक होती. दोघी बहिणी, आणि एक गिऱ्हाईक, जिच्याकडे आपण येऊच.

थोरली वारली त्याला चौतीस दिवस झाले होते. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेली, दोन दिवस तिथे होती आणि तिसऱ्या सकाळी आटोपलं. पाचव्या दिवशी धाकटीने दुकान उघडलं.

ती रडली नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! तिला काही वाटतच नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. सकाळी उठायची, शटर वर करायची, अंडी फोडायची. क्रीम चाखून बघितलं तर साखर कमी की जास्त ते कळेना. भाऊजींपुढे चमचा धरायची, ते म्हणायचे, "बरोबर आहे," आणि काम पुढे चालायचं. भाऊजीही मोजकंच बोलत. बायको असताना त्यांना बोलायची संधी मिळत नव्हती आणि आता सवय राहिली नव्हती.

एक वाक्य मात्र धाकटीच्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं. ज्यांना कळायचं त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं. पण लांबची गिऱ्हाइकं फोन करत आणि विचारत, "मोठ्या ताई आहेत का?" त्यावर धाकटी म्हणे, "आज आल्या नाहीत." खोटं नव्हतं ते. त्या दिवशीही आल्या नव्हत्या, आदल्या दिवशीही नाही. भाऊजी भट्टीपाशी उभे राहून ऐकत, आणि नको असताना हातमोजे घालत.

आणि डबा होता. निळ्या झाकणाचा, बिस्किटांचा. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात थोरलीने पाय करून तो काठोकाठ भरून ठेवला होता. तीन आठवडे त्या डब्यातल्या पायांवर कोळी चालले. मग एका सकाळी धाकटीने झाकण उघडलं तर आत आठच उरलेले. ती बराच वेळ बघत राहिली. मग झाकण लावलं, डबा वरच्या फळीवर बेकिंग पावडरच्या मागे ढकलला आणि फोनवर सांगायला लागली, "कोळी सध्या बंद आहे. गुलाब काढून देऊ?" आता कोळ्याचा केक मागणाऱ्या माणसाला गुलाब देणं म्हणजे काय, हे त्या माणसाने तोंडावर सांगितलं नाही एवढंच.

मंगळवारी भिंगवालीच्या आईचा फोन आला. भिंगवाली म्हणजे तेच ते तिसरं माणूस. चार वर्षांची असताना ती पहिल्यांदा दुकानात आली ती हातात भिंग घेऊन, आणि कोळ्याचे डोळे मोजून म्हणाली होती, दोन कमी आहेत. थोरलीने तिथल्या तिथे दोन डोळे लावून दिले आणि तिला खुर्चीवर उभं करून पाय कसे करतात ते दाखवलं. नखाची दुहेरी रेघ पोरीने भिंगातून तेव्हाच पकडली. तेव्हापासून दर वर्षी कोळीच. यंदा शनिवारी ती नऊ वर्षांची होणार होती.

"नेहमीसारखाच करा," आई म्हणाली. "तिने विचारायला सांगितलंय, मोठी मावशी करणार ना?"

"आज आली नाही ती," धाकटी म्हणाली, आणि हाताने वहीत लिहिलंही, शनिवार, कोळी.

फोन ठेवल्यावर तिला कळलं, आपण काय लिहून बसलो ते.

"आहेत की आठ," भाऊजी म्हणाले. त्यांनी डबा बघितला होता तर.

"ते नाही द्यायचे."

"ठेवून काय करणार छोटे? साखरच ती. मुंग्या लागतील."

"लागू देणार नाही."

भाऊजी भट्टीकडे वळले. पण मुंग्यांचं तिच्या डोक्यात राहिलं. दुपारी ते बाहेर गेल्यावर तिने डबा खाली काढला, बटरपेपरचे चौकोन कापले, एकेक पाय वेगळा गुंडाळला आणि आठही पुड्या परत डब्यात ठेवल्या. ताईने केलेलं जगात आता एवढंच शिल्लक होतं आणि ते तिला कुणाला द्यायचं नव्हतं. एवढी एकच गोष्ट तिला त्या दिवसांत हवीशी वाटत होती.

मग ती स्वतः पाय करायला बसली. पहिली खेप लाटण्यावरून घरंगळून एकमेकांना चिकटली. दुसरी वाळली, पण उचलताना बोटांतच तुटली. वीस वर्षं शेजारी बसून आपण नुसतं ऐकत होतो, बघत नव्हतो, हे तिच्या ध्यानात आलं. ताई काय काय सांगायची, कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाच्या जावयाने कुठली गाडी घेतली, ते सगळं आठवत होतं. कणकेत पाणी किती घालायची, ते नाही. तिसऱ्या खेपेचे आठ पाय उभे राहिले. गाजरासारखे जाड होते, पण उभे होते. गुडघ्यावर तिने आपलं नख दाबून बघितलं. एकच रेघ उठली, सरळ.

शनिवारी सकाळी भाऊजींनी केक भाजून, गार करून तिच्यापुढे ठेवला. जाळं एका दमात निघालं. तेवढं हात आपोआप करत होता. मधे चॉकलेटचं अंग बसवलं, न विसरता आठ डोळे लावले आणि पाय लावायला घेतले. सहावा लावताना कट्कन मोडला. मग उरलेल्यांतून सात पुरे केले. पुडीत घालायला काही राहिलं नाही.

यंदा पुडी नाही, असं आईला फोन करून सांगावं म्हणून ती आत गेली. फोन लागेना, दर वेळी कुणाशी तरी बोलणं चालू. चौथ्यांदा लावेपर्यंत बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. केक गेला होता. तिने फोन ठेवला, ओटा पुसला, भांडी विसळली आणि नळ तसाच वाहत ठेवून उभी राहिली. किती वेळ ते तिलाही सांगता आलं नसतं.

फोन वाजला.

"छोटी मावशी?" भिंगवाली होती. "मोठी मावशी परत आली का गं?"

धाकटीने नळ बंद केला.

"का गं?"

"केकवरचे पाय तुझे आहेत. जाडे आहेत आणि रेघ एकच आहे. मी भिंगातून बघितलं. पण पुडीतला तिचा आहे, दोन रेघांचा. आई म्हणाली, ती मंगळवारी आली नव्हती. मग शेवटचा पाय करायला आली का?"

धाकटीने रिसीव्हर ओट्यावर ठेवला, स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवरून डबा काढला. पुड्या मोजल्या. सात. परत मोजल्या. भाऊजींनी नेहमीच्या जागी पुडी शोधली असणार, नाही मिळाली म्हणून फळ्या धुंडाळल्या असणार. त्या दुकानात बटरपेपरात गुंडाळलेल्या पायाचा एकच अर्थ होता आणि वीस वर्षांत तो कधी बदलला नव्हता. मुंग्यांच्या भीतीने तिने स्वतःच आठच्या आठ पाय द्यायला तयार करून ठेवले होते. तिला राग यायला हवा होता. आला नाही.

रिसीव्हरमधून "मावशी, मावशी" ऐकू येत होतं. तिने तो उचलला.

"आहे मी."

"आली का ती?"

आज आली नाही, हे वाक्य जिभेवर तयार होतं. तेवढ्याने भागलंही असतं. पण पोरीने उद्या विचारलं असतं, परवा विचारलं असतं, पुढच्या वर्षी भिंग घेऊन दुकानात येऊन विचारलं असतं.

"नाही बाळा," धाकटी म्हणाली. "मोठी मावशी मेली. महिना होऊन गेला."

आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, केक तयार आहे म्हणून सांगताना निघतो तसा. पलीकडे पोरांचा गोंधळ चालला होता, फुगा फुटला, कुणीतरी खुर्ची ओढली.

"मग हा पाय?"

"आधी करून ठेवला होता तिने."

"अजून आहेत?"

"सात."

"आणि मग संपले?"

"मग संपले."

पोरगी विचार करत होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"मग मी हा लावू, की ठेवू?"

धाकटीच्या हातात डबा होता. गेला आठवडाभर तिने स्वतःला हेच विचारलं नव्हतं, कारण उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं. आता विचारणारी दुसरीच कुणी होती आणि उत्तर देणं भाग होतं. तिला वाटलं सांगावं, ठेव, कापसात घालून ठेव, नाहीतर मला परत आणून दे, मी उद्या सकाळी स्वतः येऊन घेऊन जाते. मग आठवलं, त्या पहिल्या मुलाने सातावर आठवा पाय लावला ते ऐकून ताई कशी हसत सुटली होती, पोट धरून, ओट्याला टेकून.

"लाव," ती म्हणाली. "तेवढ्यासाठीच केलाय तिने."

"नंतर खाल्ला तर चालेल?"

"खा. ताटात टाकू नकोस."

"थांब हं."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. कुणीतरी सगळ्यांना गप्प केलं. धाकटी कान लावून उभी होती. काहीच ऐकू येत नव्हतं आणि मग एकदम टाळ्या वाजल्या.

"बसला," भिंगवाली परत येऊन म्हणाली. "जरा वाकडा बसलाय. पण तोच छान दिसतो, बाकीच्यांपेक्षा. तुला राग नाही ना आला?"

"नाही," धाकटी म्हणाली, आणि आपला गाल ओला आहे हे तिला तेव्हा समजलं. तिने हात लावून बघितलं. गाल तिचाच होता.

भाऊजी परतले तेव्हा ती मैद्याच्या पोत्यावर बसली होती, मांडीवर निळ्या झाकणाचा डबा घेऊन, आणि रडत होती. चौतीस दिवसांचं एकदम रडत होती, नाक वाहत होतं तरी पुसत नव्हती.

"पोचवला," भाऊजी दारातून म्हणाले. "पुडीही दिली. एवढ्या बांधून ठेवल्यास, मला वाटलं कोळी परत सुरू केलास." मग त्यांना ती दिसली, डबा दिसला, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. "छोटे, अगं, मी जाऊन घेऊन येतो."

तिने मान हलवली. काहीतरी सांगायचं होतं, पण हुंदका थांबेना.

"भाऊजी," शेवटी ती म्हणाली, "ताई मेली."

"हो गं," भाऊजी म्हणाले, आणि शेजारच्या पोत्यावर बसले.