सातव्या पायरीची तारीख

धाकट्या लेकीला जुळी झाली त्या वर्षी मिस्त्रींनी कामावर जाणं थांबवलं, आणि त्याच वर्षी आमच्या कंपनीने पहिल्यांदा कुणावर दावा लावला.

“शेवटचं काम कधी केलंत?” वकीलबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

मिस्त्री, म्हणजे माझे यजमान, खुर्चीच्या कडेवर बसले होते. दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याला दम पुरत नसे. तीस वर्षं फरशी कापताना उडालेली धूळ छातीत जाऊन बसली होती. कंपनी म्हणजे आम्ही दोघंच. बिल्डर म्हणाला होता, माणसाच्या नावाचं बिल घेत नाही, कंपनी काढा. म्हणून ते एक संचालक आणि मी दुसरी. त्याच्या चौमजली इमारतीची फरशी आणि जिने आम्ही बसवले, आणि पैसे न देताच तो फोन उचलेनासा झाला. आमचे चार कारागीर रोज दारात येऊन नुसते उभे राहत.

“सांगितलं ना, एकोणीस तारखेला किल्ली दिली.”

“मग संपलंच, काका. शेवटच्या कामापासून नव्वद दिवसांत नोटीस दाखल झाली, तरच इमारतीवर बोजा चढतो. तुमचं देणं चुकतं केल्याशिवाय मग त्याला एक खोली विकता येत नाही. आज त्र्याण्णवावा दिवस आहे.”

मी मघापासून पिशवीचा बंद पिळत होते. राहवलं नाही.

“आणि त्या रविवारी गेला होतात, ते?”

मी घरातलं भांडण चव्हाट्यावर आणल्यासारखं मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.

“कुठला रविवार?” वकीलबाई पुढे सरकल्या.

“किल्ली दिल्यावर तीन दिवसांनी,” मीच म्हणाले. “वॉचमनला सांगून आत गेले होते.”

मिस्त्रींनी दम घेतला. मग म्हणाले, “तिसऱ्या जिन्याची सातवी पायरी. केसभर कलली होती. कुणाला दिसली नव्हती, मला दिसली होती. काढली आणि परत बसवली.”

“मग तेच शेवटचं काम! म्हणजे आज नव्वदावा दिवस. उठा काकू, कचेरी चारला बंद होते.”

“ते काम नव्हे,” मिस्त्री म्हणाले. “स्वतःची चूक निस्तरली. तिच्यावर दावा कसला लावता?”

“दावा तुम्ही नाही, कंपनी लावतेय.”

“पायरी कंपनीने बसवली का? कंपनीला हात आहेत?”

“नाहीत, म्हणून तर तिला सह्या लागतात,” वकीलबाई हसल्या. “आणि काकूंची एकटीचीही चालते.”

भिंतीवरचं घड्याळ अडीचच्या पुढे गेलं होतं. मी म्हणाले, “अहो, चार घरं अडलीत त्या तारखेवर. तुमचा ताठा कुणाच्या ताटात वाढू?”

ते खोकले. पाणी प्यायले. “लिहा. पण सगळं लिहा. पायरी चुकली होती, काढून पुन्हा बसवली. नुसतं ‘जिन्याचं काम’ असलं मोघम नको.”

“काका, समोरचा वकील तेच धरून बसेल.”

“बसू दे.”

पुढची बस मिळेना. अर्ध्या वाटेपासून मी चालतच गेले, चालत कसली, पळतच. खिडकीपाशी माझ्यापुढे सात माणसं. माझी पाळी आली तेव्हा चारला बारा मिनिटं उरली होती. कारकुनाने कागद उलटसुलट केला.

“ही बाईंची सही झाली. कंपनीची कुठेय?”

“कंपनी घरी खोकत बसलीय.”

तो हसला नाही. “सहीखाली लिहा, कंपनीकरिता, संचालक. आणि शिक्का मारा.”

लिहायला मी पन्नाशीला टेकल्यावर शिकले, हात सावकाश चालतो. मागचा माणूस म्हणाला, “मावशी, रांगोळी काढताय का?” मी मान वर केली नाही. शिक्का मारला. कारकुनाने त्याचा मारला. मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

दीड महिन्याने बिल्डरच्या इंजिनियरचा अहवाल घरी आला. मिस्त्री तेव्हा उशांना टेकूनच असत. मी बोट ठेवून वाचायला लागले. तिसऱ्या जिन्याच्या सगळ्या पायऱ्या लेव्हल लावून, ठोकून, सांध्यांवर उजेड पाडून तपासल्या. कोणतीही पायरी काढून पुन्हा बसवल्याची खूण आढळत नाही. सबब त्या रविवारी काही काम झाल्याचं म्हणणं खोटं आहे.

 तो वॉचमन केव्हाच नोकरी सोडून गेला होता. दुसरा साक्षीदार नव्हता.

“पुन्हा वाच,” मिस्त्री म्हणाले.

“कोणतीही पायरी काढून पुन्हा बसवल्याची खूण...”

“सातवीसुद्धा?”

“अहो, सातवी सापडली असती तर दावा टिकला असता!”

“सांध्यांवर उजेड पाडून बघितलं म्हणतो?”

“हो.”

“आणि नाही सापडली.” ते हसायला लागले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, तरी हात हलवून मला खूण करत होते, वाच, परत वाच.

महिनाअखेरीला दावा फेटाळला गेला. कापायची दोन्ही मशिनं विकून आम्ही चौघांची मजुरी भागवली. त्यानंतर नऊ दिवसांनी, मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास, मिस्त्री गेले.