पटलेली गोष्ट

नळाच्या धारेखाली देवयानीने उकडलेलं अंडं सोललं. तीन वर्षांत पहिल्यांदाच. टरफलाखालचा पातळ पापुद्रा बोटाला चिकटला, तो सुटेपर्यंत ती हात धूत राहिली.

आई ओट्यापाशी भात घोटत होती. "बाबांना सांगूच नकोस. वरणात कुस्करून घालते."

"चोरून नको, आई. मीच सोडायला लावलंय, मीच सांगते."

बाहेर तिचे बाबा, भानुदास, टेबलापाशी बसून होते. घशाचं रेडिएशन संपून महिना झाला, तरी तोंडातले व्रण भरले नव्हते. चार घासांपुढे जेवण जात नव्हतं. सोयाचं दूध, दाण्याचं दूध, मुगाचं कढण, देवयानीने सगळं करून पाहिलं. एक तर उलटून पडायचं, नाहीतर पोट फुगायचं. आज वजनकाट्याकडे बघून डॉक्टर तिला म्हणाले होते, "बेटा, अंडा खिलाओ. अब बहस का टाइम नहीं है."

बाबा मूळचे रत्नागिरीचे. बदली होऊन चंडीगडला आले तरी दर रविवारी सेक्टर बावीसच्या बाजारातून रोहू मासा आणायचे आणि "चिखल लागतो याला" असं म्हणत दोन तुकडे जास्तच खायचे. देवयानी तेव्हा पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करत होती. मांस-दुधाने हवामान कसं बिघडतं याचे तक्ते तिने फ्रिजवर चिकटवले, वाद घातले. मग एका रविवारी बाबा नुसता दुधी घेऊन घरी आले. पुढे अंडी गेली, दूधही गेलं. आकडे शांतपणे मांडले की माणसं बदलतात, असं तिने सेमिनारमध्ये सांगितलं होतं. उदाहरण बाबांचंच दिलं होतं.

"बाबा, आज भातात थोडं अंडं घालते."

"आणि तुझा तो मिथेन?" त्यांचा आवाज खरखरत होता.

"कोंबडी ढेकर देत नाही, बाबा. ते गाईम्हशींचं."

"दाणा तर खाते? जनावराला घालायचा तो दाणा माणसानेच खाल्ला, तर जमीन वाचते, पाणी वाचतं. तूच शिकवलंस ना?"

"ते खरंच आहे. पण तुमच्या एका अंड्याने काही बिघडत नाही."

"सगळे असंच म्हणतात म्हणून तर बिघडलंय. हेही तुझंच."

"अहो, पृथ्वी राहील जागेवर," आई आतून म्हणाली. "आधी तुम्ही राहा!"

भानुदास हसले नाहीत. मांडीवरच्या टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"मी खाल्लं, तर तू कुठे जेवशील?"

"म्हणजे?"

"मी मासे खायचो तेव्हा ताट घेऊन खोलीत जायचीस. दार लावून." आवंढा गिळताना त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "तुझ्या आकड्यांतलं मला किती पटलं, देव जाणे. तिघांनी एकत्र जेवावं, एवढंच होतं माझं."

देवयानी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"आई," तिने हाक मारली, "माझं ताट इथेच आण."

बलक भातात कालवून तिने चमचा पुढे केला. बाबांनी तोंड उघडलं नाही. आई देवयानीचं ताट घेऊन येईपर्यंत ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.