छातीवरचा जांभळा चौकोन

डॉक्टरसाहेब, रामजीच्या छातीवर जांभळ्या रेघा तुम्ही ओढल्यात. आम्ही सांगेपर्यंत पुसायच्या नाहीत, असा दम भरलात आणि सांगायचं विसरलात. सात वर्षं झाली.

फुप्फुसात कॅन्सर होता. त्या रेघांच्या चौकोनावर मशिनने किरणांचे शेक दिलेत. शेवटच्या शेकानंतर त्याच्या बायकोला, बकुळाला, बाजूला घेऊन म्हणालात, सहा महिने धरून चाला. तिने ते नवऱ्याला सांगितलं नाही. रेघा मात्र धरून ठेवल्या. लालबागच्या खोलीत दर रविवारी दुपारी ती त्या पुन्हा गिरवी. गिरणीत कापडाच्या ताग्यांवर ठसे मारायची शाई शेजारचा दत्ताराम आणून देई. "दिल्लीवाले नकाशावर रेघा मारतायत, वहिनी, नि तुम्ही रामजीवर," तो म्हणे. "आधी कुणाचा तंटा मिटतो बघू."

रामजी डोळे मिटून पडे. शाईची काडी छातीवर फिरू लागली की त्याला गावचं भाताचं खाचर दिसे. बकुळा बांध घालतेय, पाणी आत थोपलंय, पाण्यात ढग उतरलेत. "बांध फुटू देऊ नको गं," तो झोपेत पुटपुटे. खोलीत दुपार साचून राही.

छातीला पाण्याचा थेंब नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात अश्रुधूर सुटला तेव्हा सगळे डोळे झाकून पळाले, हा छाती झाकून.

महाराष्ट्र झाला. चाळीला तोरणं लागली. त्या रविवारी बकुळाचा हात थबकला. तुम्ही रेघा ओढल्यात तेव्हा बरगडीवरचा तीळ चौकोनाच्या मधोमध होता. आज तो चार बोटं बाहेर होता. गिरवता गिरवता चौकोन तिच्याच हातून घसरत पोटावर आला होता. बांध कधीचा फुटला होता, आणि माणूस घोरत होता.

आनंद मानावा की भ्यावं, तिला कळेना. सोमवारी ती त्याला घेऊन इस्पितळात आली. कारकुनाने जुनी वही चाळली आणि मान न उचलता सांगितलं, हा पेशंट आता नसणार.

"मग हे कोण उभे आहेत?" बकुळा म्हणाली.

तुम्ही कामात आहात, असा वरून निरोप आला.

आता ती दोघं आवारातल्या नळाशी उभी आहेत. तिने त्याला तिळाचं सगळं सांगितलंय. त्याने सदऱ्याची बटणं सोडलीत, ओंजळ भरलीय. "बकुळे, घालू पाणी?" तो विचारतोय. तिने त्याचं मनगट घट्ट धरलंय.

ओंजळ गळतेय, साहेब. पुसायचं की गिरवायचं? खाली या आणि तुमच्या तोंडाने सांगा.