शेपूट कापलेलं औषध

माह्या नवऱ्याच्या अंगात घोड्याचं औषध होतं, अन् ते किती वेळ टिकन याच्यावर त्याचा जीव होता. डॉक्टरले हे कळत होतं, मले कळत होतं. माह्या भासऱ्याले, म्हंजे नवऱ्याच्या मोठ्या भावाले, मात्र घरी जायाची घाई सुटली होती.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. किन्हीराजाच्या वावरात ज्वारी सोंगताना ह्यायच्या पायाले परड चावली. परड म्हंजे घोनस. भासरे पुंजाजी यायनं ट्रक थांबवून तडक वाशीमले आनलं. मांत्रिकाचं नाव बी कोणी काढलं नाही. छप्पन साली बुद्धाले शरन गेलो तव्हापासून ते सारं सोडलं होतं. डॉक्टरनं काचेच्या नळीत रक्त घेतलं अन् वीस मिनिटांनी नळी वाकडी केली. रक्त पान्यासारखं वाहून राह्यलं होतं. विषानं रक्त गोठनंच बंद झालं होतं. मंग औषध चढवलं, अन् संध्याकाळच्या नळीत रक्त दह्यावानी गोठलं.

"उतरलं," भासरे म्हणाले.

हाच तो मेला शब्द. मांत्रिक सुटला, पन त्याचा शब्द काही सुटला नव्हता. तो 'उतरलं' म्हने की मानूस उठून घरी जाये. दुसऱ्या दिवशी दुपारी भासऱ्यायनं पिशवी भरली, चारची गाडी पकडायची म्हणून.

डॉक्टर बिचारे समजावून थकले. हे औषध घोड्याच्या रक्तातून काढतात, म्हणाले. त्याचा एकेक कन चिमट्यावानी असते, पुढं विषाले पकडाले दोन हात अन् मागं शेपूट. मानसाचं अंग घोड्याच्या वस्तूवर बिथरते म्हून कारखान्यात शेपूट कापून टाकतात. पन ते शेपूटच त्याले रक्तात टिकवून ठेवते. ते नाही म्हून औषध लवकर निघून जाते, अन् सुजेत दबून बसलेलं विष मागून रक्तात उतरते.

भासरे हसले. शेपूट घोड्याले असते, औषधाले कायचं शेपूट, म्हणाले. अन् ह्यायच्या बगलेत हात घालून उठवाले लागले. हे बी उठून राह्यले होते, बरं वाटत होतं ना.

लग्नाच्या नऊ वर्षांत मी भासऱ्यासंगं एक शब्द बोलली नव्हती. आमच्यात तशी रीतच नाही. काही सांगायचं तं सासूले सांगा, नाही तं भिंतीकडं पाहून बोला. त्या दिवशी सासू गावात होती, अन् भिंतीले सांगून काय होनार होतं? पदर सावरला अन् खाटेच्या आडवी उभी राह्यली.

"भाऊजी, पाय अजून सुजलेला हाये. हे इथून हालनार नाहीत. न्यायचं असन तं मले तुडवून न्या."

भासऱ्यायचं तोंड लाल झालं. बाईच्या नादानं भावाले दवाखान्यात सडवतो काय, असं बडबडत पिशवी घेऊन बाहीर गेले. मी खाटेपाशी बसली. मीच चुकली तं? उद्या साऱ्या गावात तोंडाळ ठरनार मी. ठरू दे, म्हटलं, मानूस तं जागेवर राहीन.

चारची गाडी गेली. पाच वाजून गेल्यावर ह्यायनं चहा मागितला, अन् पेला खाली ठेवला तं काठाले रक्त. हिरड्यातून येऊन राह्यलं होतं. म्या बोंब मारली. डॉक्टर धावत आले, नळी भरली. वीस मिनिटं मी त्या नळीवरून डोळा काढला नाही. वाकडी केली तं पानीच. लगेच औषध दुसऱ्यांदा चढवलं.

भासरे दारातच उभे होते. भावाले टाकून काही गाडीत चढले नव्हते.

सकाळी रक्त गोठलं. डॉक्टर हसले. मंग भासऱ्यायनं सरळ माह्याकडं पाहून विचारलं, "काल रक्त आलं तव्हा आपली गाडी कुठं असती?"

"मालेगावच्या पुढं, दवाखान्यापासून दूर रस्त्यावर," म्या सांगतलं.

ते तिथंच भुईवर बसले, अन् भावाचं नाव घेत, देवमन, देवमन करत लहान लेकरावानी रडले.