गौरम्मांनी घासलेला पाइप

"गळ्यात इष्टलिंग हाय, आन तोंडात धूर! आमच्या घराण्यात कुणी चिलमीला हात लावला न्हाई," असं पुटपुटत गौरम्मांनी मला मेलेल्या पालीसारखं दोन बोटांत उचललं आणि चुलीतल्या राखेनं खसाखसा घासायला घेतलं.

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. लाकडाचा, तंबाखू ओढायचा. मला तोंडाला लावा, असं मी तुम्हांला मुळीच सांगणार नाही. त्या उद्योगातून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. पण माझ्यापायी एका घरात काय घडलं, तेवढं ऐकून ठेवा.

मी मूळचा समुद्रापलीकडचा. खडकाळ डोंगरावरच्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ होतो. लोकांनी मला उकळलं, वाळवलं, कोरलं आणि जहाजात घातलं. सन १९२८ च्या सुमारास सोलापुरात, लष्कर भागातल्या मानसिंगच्या दुकानात, मी काचेच्या कपाटात येऊन बसलो. शेजारी एक वाकड्या मानेचा पाइप होता आणि एक लांबलचक नळीचा. येणारे साहेबलोक त्यांनाच हातात घेत. मी बुटका. दोन वर्षं नुसती धूळ खाल्ली.

मग एक दिवस वीरभद्रप्पा आले. डोक्याला रुमाल, अंगात नवा काळा कोट, कपाळावर विभूती. असं गिऱ्हाईक पाइप मागतंय म्हटल्यावर मानसिंगला हसू आवरेना.

"ह्याआधी कधी ओढलाय का, आप्पा?"

"न्हाई. नव्यानंच शिकायचंय."

"मग हा लांबडा नको, दात दुखत्यात. वाकडाबी नको, त्याच्या तळाला पाणी साचतं, मांजरावानी गुरगुरतो. लई बारक्या पोटाचा घ्याल तर जीभ भाजंल. नव्या माणसानं हा असा बुटका घ्यावा, मधल्या पोटाचा."

वीरभद्रप्पा मानसिंगच्या ओठांवरची नजर काढीत नव्हते. किती मन लावून शिकतोय हा माणूस, असं मला वाटलं. त्यांनी मला उचललं तेव्हा मला कोण आनंद झाला!

मग तंबाखूची पाळी. डबे काढायला मानसिंग खाली वाकला आणि तिथूनच बोलत राहिला, "काळी घेऊ नका हां. ती जुन्या खोडांची. चक्कर येती. पिवळी सुटी असती, हलकी. आन दडपून भरू नका. खाली सैल, वर जराशी दाबून." वर येऊन त्यानं दोन डबे पुढं ठेवले. "बोला, कुठली?"

वीरभद्रप्पांनी ऐटीत काळ्या डब्यावर बोट ठेवलं.

मानसिंगनं भुवया उडवल्या आणि काळा डबा कागदात बांधून दिला. गिऱ्हाइकाला एकच गोष्ट दोनदा सांगू नये, असा त्याचा नेम होता.

त्या संध्याकाळी परसात वीरभद्रप्पांनी मला गच्च ठासून भरलं, तीन झुरके घेतले आणि रांजणाला धरून खाली बसले. त्यांची बायको गौरम्मा ताक घेऊन आल्या. हसावं की रडावं, त्यांना कळेना. "हौस लई दांडगी की तुमची! अजून दोन झुरके घ्या, म्हंजे सरळ कैलासच."

वीरभद्रप्पांनी ताक घेतलं आणि गोऱ्यामोऱ्या तोंडानं पुन्हा मला पेटवलं. हौस नव्हती ती, मित्रांनो. गरज होती.

वीरभद्रप्पांनी गिरणीच्या विणाई खात्यात वीस वर्षं जॉबरकी, म्हणजे मागवाल्यांची मुकादमी, केली होती. शेकडो मागांचा खडखडाट. तिथं कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही. माणसं ओठांवरून आणि बोटांच्या खुणांवरून बोलतात. त्या खडखडाटानं वीरभद्रप्पांचे कान कधी खाल्ले, ते त्यांनाही कळलं नाही. खात्यात त्यांचं काहीच अडत नव्हतं. पण हुशारी बघून त्यांना बढती मिळाली, खात्याच्या साहेबांच्या, म्हणजे मास्तरांच्या ऑफिसात टेबल मिळालं, आणि घोटाळा झाला. ऑफिसात शांतता होती. शांततेत माणसं कागदात डोकं घालून बोलतात, पाठ फिरवून बोलतात.

पूर्वीचे एक गोरे मास्तर काही विचारलं की आधी पाइप भरीत, काडी ओढीत, मग बोलत. तोवर सगळे त्यांच्याकडं तोंड करून ताटकळत. विचारणारा कंटाळून प्रश्न पुन्हा विचारी. वीरभद्रप्पांनी ते हेरून ठेवलं होतं. म्हणून मी!

दोन महिने आमचं बरं चाललं. पण मित्रांनो, पाइपाच्या पोटात जळक्या तंबाखूची काळी साय धरू द्यावी लागते. तीच लाकडाला सांभाळते. आणि गौरम्मांचं घर म्हणजे तांब्यात तोंड बघावं असं! रोज सकाळी वीरभद्रप्पा पूजेला बसले की त्यांच्या पाठीमागून त्या हाक घालीत, "रीऽ, घासू का हे?" कानडी घरातली बायको नवऱ्याला 'अहो' म्हणत नाही, 'री' म्हणते. उत्तर आलं नाही की त्या समजत, घासू दे म्हणताहेत. मग राख, काथ्या आणि कढत पाणी. एके दिवशी मला वरपासून तळापर्यंत तडा गेला.

वीरभद्रप्पा ओरडले, "कुणी सांगितलं तुला घासाय?"

"रोज इचारत होते की! साठ दिस इचारलं. कधी नको म्हनलासा?"

एवढं बोलून गौरम्मांनी तोंडावर हात ठेवला. साठ दिवसांचा अर्थ त्यांना त्याच क्षणी कळला. वीरभद्रप्पांनाही कळला. गौरम्मा नुसत्या त्यांच्या समोर येऊन बसल्या आणि एकेक अक्षर ओठांवर ठेवल्यासारखं म्हणाल्या, "भाकरी वाढू?"

आता मी कोनाड्यात पडून असतो. गौरम्मा अजून मला पुसतात, पण कोरड्या फडक्यानं. मित्रांनो, एखादी वस्तू साफ करण्याआधी तिचा स्वभाव विचारा. आणि आपल्या माणसाशी बोलायचं तर आधी त्याच्या समोर या. पाठीला प्रश्न विचारून गप्पपणाला होकार समजू नका. वीरभद्रप्पा पुढं सात वर्षं त्याच टेबलाशी मानानं बसले. ते कसं, तेवढं सांगतो.

तडा गेला त्याच दिवशी दुपारी मास्तरसाहेब खिडकीकडं तोंड करून काहीतरी विचारत होते. शेजारी मायाप्पा जॉबर उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं, पण जुन्या मित्राची नोकरी जाईल म्हणून तो वर्षभर गप्प होता. आताही तो जमिनीकडं बघत राहिला. वीरभद्रप्पांचा हात सवयीनं खिशात गेला. मी हाताला लागलो, तडकलेला. त्यांनी मला बाहेर काढलं, क्षणभर पाहिलं आणि टेबलावर ठेवून दिलं. मग उठून ते खिडकीपाशी गेले आणि मास्तरांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई."